किती वाजले आणि किती वेळ गेला : कर्नलच्या घड्याळांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेड्युलरवर (सीपीयू कुठल्या प्रोग्रॅमला कधी मिळणार हे ठरवणारा कर्नलचा भाग, आणि कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिलं होतं, त्यात "टायमर इंटरप्ट आला की कर्नल जागा होतो" असं एक वाक्य होतं आणि या वेळचे निम्म्याहून जास्त प्रश्न त्या एका वाक्यावरच आलेत. म्हणून या वेळी प्रिंटर, पेन ड्राइव्ह सगळं बाजूला, फक्त घड्याळं. उदाहरणं बरीचशी लिनक्सची आहेत कारण त्याचं पोट उघडून बघता येतं.

प्रश्न : नमस्कार ताई. मी थर्ड इयरला आहे, लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही टाकलंय. उबंटू वापरून परत विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असतं. सेल बदलून बघितला, काही फरक नाही. रिपेअरवाला म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेलाय का? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : मदरबोर्डला काहीही झालेलं नाही, त्याच्यावर एक रुपया घालवू नका. "बरोबर साडेपाच तास" हे तुम्हीच लिहिलंय आणि उत्तर त्यातच आहे, बिघडलेलं घड्याळ इतकं मोजूनमापून मागे पडत नाही.

बोर्डवर एक छोटंसं घड्याळ असतं, आरटीसी, म्हणजे रिअल टाईम क्लॉक. मशीन बंद असताना तो नाण्याएवढा सेल यालाच जगवतो. त्याचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आकडा विचित्र वाटतो पण तो २ चा पंधरावा घात आहे, पंधरा वेळा निम्मा करत गेलं की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. आता या घड्याळाला वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद एवढंच माहिती असतं. टाईमझोन त्याच्या गावीही नाही. ते आकडे भारतातले समजायचे की ग्रिनिचचे हे ज्याने त्याने ठरवायचं, आणि इथेच दोघांचं पटत नाही. विंडोज डॉसच्या जमान्यापासून ते आकडे लोकल टाईम धरत आलंय, लिनक्स ते यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची प्रमाणवेळ, धरतं. उबंटूने नेटवरून वेळ जुळवली की लिनक्सचा कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी ती आरटीसीत लिहून ठेवतो, अर्थात यूटीसीत. म्हणजे सांगलीत सकाळचे १० वाजलेत तर आरटीसीत ४:३० पडलेत. मग विंडोज उठतं, ४:३० वाचतं आणि तेच खरं मानून खाली कोपऱ्यात दाखवतं. उलट विंडोजने आरटीसी लिहिली असेल तर उबंटू सुरुवातीला साडेपाच तास पुढे दिसेल, पण नेट मिळालं की पटकन सुधारतं म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल.

उपाय दोन आहेत. एक, उबंटूला सांगायचं की आरटीसी लोकल टाईममध्ये आहे, टाईमडेटसीटीएलची एक कमांड आहे त्यासाठी. दुसरा, विंडोजच्या रजिस्ट्रीत "रिअल टाईम इज युनिव्हर्सल" नावाची किल्ली १ करायची. मी दुसरा सांगेन. आपल्याकडे घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे करत नाहीत म्हणून पहिल्यानेही भागतं, पण उद्या एमएससाठी जर्मनीला किंवा अमेरिकेला गेलात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही ओएस आपापला एक तास आरटीसीतून वजा करतील आणि मग परत मला पत्र लिहाल.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त बँक कर्मचारी, वय ६८. मशीन बंद असताना सेल घड्याळ चालवतो हे समजलं. पण मशीन चालू असतं तेव्हा वेळ त्याच घड्याळाकडून विचारतात का? आणि टायमर इंटरप्ट म्हणजे नक्की कोण कुणाला अडवतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काका, प्रश्न अगदी मोक्याचा. नाही, सहसा विचारत नाहीत. आरटीसी वाचायला खूप वेळ लागतो आणि ते सेकंदाच्या खाली काही सांगत नाही, त्यामुळे कर्नल चालू होताना ते एकदा वाचतो आणि तिथून पुढे आपली मोजदाद आपणच ठेवतो. मोजण्यासाठी दोन प्रकारची यंत्रं लागतात आणि हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. एक नुसता काउंटर, जो अखंड वाढत राहतो, कधीही वाचा, किती पुढे गेला ते कळतं. दुसरा टायमर, ज्याला सांगायचं की इतक्या वेळाने मला हाक मार. लिनक्समध्ये पहिल्याला क्लॉकसोर्स म्हणतात, दुसऱ्याला क्लॉकइव्हेंट. पहिला कधीच कुणाला त्रास देत नाही, दुसऱ्याचं कामच त्रास देणं आहे.

आता अडवणं. समजा तुमच्या ब्राउझरचा कोड सीपीयूवर चालू आहे. सीपीयू एका वेळी एकाचाच असतो, त्यावर ब्राउझर बसलाय म्हणजे कर्नल त्या क्षणी चालतच नाहीये, त्याच्या हातात काही नाही. टायमरचा आकडा शून्यावर आला की तो सीपीयूला एक विद्युत इशारा देतो. सीपीयू हातातली सूचना पूर्ण करतो, आपण कुठे होतो तो पत्ता स्टॅकवर टाकतो, एका तक्त्यात बघतो की या नंबरच्या इंटरप्टला कुठे जायचं, आणि कर्नलच्या कोडमध्ये उडी मारतो. ब्राउझरला यातलं काहीही कळत नाही. कर्नल आत आल्यावर भराभर चार कामं करतो, वेळेचा हिशोब पुढे ढकलतो, आत्ता चालू असलेल्या प्रोसेसच्या खात्यावर वापरलेला वेळ टाकतो, कुणाचे टायमर पिकलेत का बघतो आणि शेड्युलरला विचारतो की या प्रोसेसचं पुरे झालं का. पुरे झालं असेल तर परत जाताना ब्राउझरकडे न जाता दुसऱ्याच प्रोसेसकडे जातो. हे सगळं काही मायक्रोसेकंदात. एखादा प्रोग्रॅम अनंत लूपमध्ये अडकला तरी तुमचा माऊस हलत राहतो तो याच्या जिवावर, नाहीतर त्या प्रोग्रॅमने सीपीयू सोडलाच नसता.

जुन्या पीसीतला हाक मारणारा म्हणजे इंटेलचा ८२५३ आणि नंतर ८२५४ चिप, ज्याला पीआयटी म्हणतात. त्याला मिळायचे सेकंदाला ११,९३,१८२ ठोके. हा आकडा कुठून आला? १९८१ च्या आयबीएम पीसीत एकच मुख्य क्रिस्टल होता १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, कारण अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगाच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी त्याच्या पाव पट, ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, आणि पीसी घरच्या टीव्हीला जोडता यावा अशी इच्छा होती. त्याच क्रिस्टलला ३ ने भागून सीपीयूला ४.७७ मेगाहर्ट्झ दिले, १२ ने भागून टायमरला. टायमरचा काउंटर १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ मोजणार, म्हणून डॉसला सेकंदाला १८.२ टिक, म्हणजे टायमरच्या हाका, मिळायच्या. बँकेत तुम्ही ज्या डॉसच्या मशीनवर लेजर टाकलं असेल ना, त्याचंही घड्याळ असंच चालायचं. गंमत म्हणजे आपल्या दूरदर्शनचा रंग १९८२ च्या एशियाडला आला तो पाल पद्धतीचा, त्याची फ्रिक्वेन्सी वेगळीच, पण पीसीमधून अमेरिकन टीव्ही आपल्याही टेबलावर आला आणि आजही गेलेला नाही, पॉवर मॅनेजमेंटचा टायमर अजून त्याच ३.५७९५४५ वर चालतो.

प्रश्न : ताई, व्हायव्हात मी सांगितलं की लिनक्समध्ये सेकंदाला १०० टिक असतात. एक्स्टर्नल म्हणाले १०००. मित्राने घरी बघितलं तर २५०. मग बरोबर कोण? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तिघंही, आपापल्या वर्षात. सुरुवातीला पीसीवरच्या लिनक्समध्ये १०० होतं. २.६ कर्नल आला तेव्हा १००० केलं, म्हणजे माऊस, गाणी, गेम जास्त तुरतुरीत वाटावेत. मग लॅपटॉपवाल्यांनी बॅटरीच्या आणि सर्व्हरवाल्यांनी फुकट कामाच्या तक्रारी केल्या आणि २००५ मध्ये २.६.१३ ला तो आकडा कर्नल बिल्ड करताना निवडायची सोय झाली, डिफॉल्ट २५०. नंतर ३०० पण आलं, ते व्हिडिओवाल्यांसाठी, कारण व्हिडिओत सेकंदाला २५ किंवा ३० चित्रं असतात आणि ३०० ला २५ नेही भाग जातो आणि ३० नेही. या आकड्याला कोडमध्ये एचझेड म्हणतात आणि प्रत्येक टिकला एकने वाढणाऱ्या काउंटरला जिफीज.

१००० मध्ये एक बारीक खोच आहे, परीक्षेत कुणी विचारणार नाही पण मला आवडते. पीआयटीला पूर्णांकच देता येतो. ११,९३,१८२ ला १००० ने भागलं की ११९३.१८२ येतं, ते १८२ सोडून द्यावं लागतं, मग प्रत्यक्षात सेकंदाला १००० नाही तर १०००.१५ टिक पडतात. एवढंसं वाटतं ना, पण कर्नलने "एक टिक म्हणजे एक मिलिसेकंद" असं आंधळेपणाने धरलं असतं तर घड्याळ दिवसाला १३ सेकंद पुढे गेलं असतं! म्हणून कर्नल टिकची खरी लांबी नॅनोसेकंदात काढून तीच मिळवत असे.

आणि आता खरं सांगू का, आजच्या मशीनवर हे तिन्ही आकडे अर्धवटच खरे आहेत. एप्रिल २००७ च्या २.६.२१ पासून टिकलेस नावाचा प्रकार आला, थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांचं हे काम. रात्रभर दर दहा मिनिटांनी उठून "सकाळ झाली का" बघणारा माणूस आणि सहाचा गजर लावून झोपणारा माणूस, एवढाच फरक. सीपीयूला काही काम नसेल तर कर्नल आधी बघतो की पुढचा टायमर कधी पिकणार आहे, हार्डवेअरला तेवढ्याच वेळाचा इशारा लावतो आणि मधल्या सगळ्या टिक रद्द करून सीपीयूला गाढ झोपवतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मित्राच्या लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाईल उघडा. शेवटाकडे "लोकल टायमर इंटरप्ट्स" अशी ओळ सापडेल आणि प्रत्येक कोअरखाली एक मोठा आकडा. दहा सेकंदांनी परत बघून वजाबाकी करा. मशीन नुसतं पडून असेल तर २५० च्या हिशोबाने एका कोअरवर २,५०० यायला हवेत, येतील त्यापेक्षा कितीतरी कमी, आणि कोअरगणिक वेगळे. मग एखादा जड प्रोग्रॅम चालू करा आणि तीच ओळ बघा, ज्या कोअरवर तो बसलाय तिथला आकडा धावायला लागलेला दिसेल. व्हायव्हापेक्षा हे जास्त लक्षात राहील.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या एका जुन्या सर्व्हरवर कर्नल लॉगमध्ये "टीएससी अनस्टेबल" असा मेसेज आला आणि त्या दिवसापासून डेटाबेस हळू झाला असं टीमचं म्हणणं आहे. मेसेज तर घड्याळाचा आहे, त्याचा डेटाबेसच्या स्पीडशी काय संबंध? (एक सिस्टिम अ‍ॅडमिन, ठाणे)

उत्तर : संबंध आहे आणि टीमचा संशय बहुतेक बरोबर आहे.

टीएससी म्हणजे टाईम स्टॅम्प काउंटर, १९९३ च्या पेंटियमपासून सीपीयूच्या आतच असलेला काउंटर. वाचायला एक सूचना पुरते, बाहेर कुठे जावं लागत नाही. शिवाय लिनक्सने अशी सोय केलीय की प्रोग्रॅमने वेळ विचारली तर कर्नलमध्ये न शिरताच उत्तर मिळतं, कर्नल एक पान प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत लावून ठेवतो, त्यात शेवटचा हिशोब आणि गुणाकाराचा आकडा असतो, प्रोग्रॅम टीएससी वाचतो, गुणतो, बिट सरकवतो, संपलं. भागाकारसुद्धा टाळलाय, कारण तो महाग. डेटाबेस प्रत्येक क्वेरीला, प्रत्येक लॉकला, लॉगच्या प्रत्येक ओळीला वेळ विचारत असतो, सेकंदाला लाखो वेळा होऊ शकतं हे.

पण टीएससीचा इतिहास जरा वाकडा आहे. सुरुवातीला तो सीपीयूच्या वेगानेच वाढायचा. मग वीज वाचवायला सीपीयू वेग कमी-जास्त करू लागले तर हाही हळू-जलद व्हायला लागला, गाढ झोपेत तर थांबायचाच, आणि दोन सॉकेटच्या मशीनवर एका सीपीयूचा टीएससी दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. नंतरच्या चिपमध्ये, इंटेलच्या बाबतीत साधारण २००८ च्या नेहालेमपासून, तो एकाच ठरलेल्या वेगाने चालतो आणि झोपेतही थांबत नाही. तरी कर्नल त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत नाही. कर्नलमध्ये एक वॉचडॉग आहे, तो दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची तुलना दुसऱ्या एखाद्या काउंटरशी, म्हणजे एचपेटशी किंवा त्या पॉवर मॅनेजमेंटच्या टायमरशी करतो. फरक मर्यादेबाहेर गेला की "अनस्टेबल" असा शिक्का मारून टीएससीला नोकरीवरून काढतो आणि त्या जागी एचपेट बसवतो. एचपेट मात्र सीपीयूबाहेर, चिपसेटमध्ये. तिथपर्यंत जाऊन आकडा आणायला टीएससीच्या कित्येक पट वेळ लागतो, वर शॉर्टकट बंद झाल्याने दर वेळी सिस्टिम कॉल करावा लागतो, आणि सगळ्या कोअरना एकाच दारातून जावं लागतं. तुमचा डेटाबेस त्या दारात रांगेत उभा आहे.

सिस फोल्डरमध्ये डिव्हायसेस, सिस्टिम, क्लॉकसोर्स या वाटेने आत गेलात की "करंट क्लॉकसोर्स" फाईलमध्ये आत्ता कोण बसलंय ते दिसेल. आता लगेच बूट पॅरामीटर टाकून टीएससीला जबरदस्तीने परत बसवू नका, लोक हेच करतात. आधी बायोस अपडेट बघा. मशीन व्हर्च्युअल असेल तर होस्टवर, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर, फार गर्दी आहे का बघा, कारण तिथे गेस्टचा सीपीयू मधूनच काढून घेतला जातो आणि वॉचडॉगला उशिरा जाग आली की तो टीएससीवरच आळ घेतो, टीएससी बिचारा निर्दोष असतो. केव्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सची यंत्रणा) असाल तर केव्हीएमचा स्वतःचा क्लॉकसोर्स आहे, तो वापरा. आणि मशीन खरंच दोन सॉकेटचं, जुनं, फरक खरा असेल तर हळू पण खरी वेळ बरी. मागेपुढे उड्या मारणाऱ्या घड्याळावर डेटाबेस चालवण्यापेक्षा तर नक्कीच.

प्रश्न : मी सिक्वेन्सर लिहितोय, ड्रमच्या नोट्स वेळेवर वाजवायच्या. १ मिलिसेकंद झोप असं सांगतो तर विंडोजवर कधी १५ मिलिसेकंदांनी उठतो, लिनक्सवर १ च्या थोडं वर. टायमर इतके ढिले का? (एक वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर : विंडोजची नेहमीची टिक १५.६२५ मिलिसेकंदांची, सेकंदाला ६४. झोप संपली का हे ते टिकलाच बघतं. मल्टिमीडिया टायमरचा फंक्शन कॉल करून ती १ मिलिसेकंदावर आणता येते, फक्त काम झालं की परत सोडा, पूर्वी एका प्रोग्रॅमने मागितलं की अख्ख्या मशीनची बॅटरी जळायची. २०२० च्या आवृत्तीपासून ते मागणाऱ्या प्रोसेसपुरतं राहतं.

लिनक्समध्ये टायमरचे दोन संसार आहेत. एक टायमर व्हील, नेटवर्कच्या टाईमआऊटसारख्या गोष्टींसाठी. यातले बहुतेक टायमर पिकतच नाहीत, उत्तर आलं की रद्द होतात, त्यामुळे लावणं-काढणं स्वस्त हवं, अचूकपणा दुय्यम. २०१६ च्या ४.८ कर्नलमध्ये ते नव्याने लिहिलं तेव्हा मुद्दामच ठरवलं की टायमर जितका लांबचा तितका तो ढिला, अगदी आठव्या हिश्श्यापर्यंत उशीर चालेल. दुसरा संसार हाय रेझोल्यूशन टायमरचा, २००६ पासून. हे एका ट्रीमध्ये वेळेप्रमाणे लावलेले असतात, सगळ्यात आधी पिकणारा घेऊन हार्डवेअर नेमकं त्या क्षणाला लावलं जातं. तुमची झोप यात मोडते. वरचा जो थोडा उशीर दिसतोय त्यात ५० मायक्रोसेकंद कर्नलने मुद्दाम दिलेली सूट आहे, म्हणजे जवळजवळ पिकणारे टायमर एकाच इंटरप्टमध्ये उरकता येतात, ती कमी करता येते आणि रिअलटाईम थ्रेडला मुळातच नसते. बाकीचा उशीर तुमच्या थ्रेडला सीपीयू मिळेपर्यंतचा. झोप लवकर संपणार नाही एवढीच हमी असते, वेळेवर संपेल अशी नाही.

पण सिक्वेन्सरसाठी खरा सल्ला वेगळाच आहे. "१ मिलिसेकंद झोप, वाजव, परत झोप" असं करूच नका, प्रत्येक फेरीचा छोटा उशीर साठत जातो आणि चार मिनिटांनी ठेका घसरलेला कळतो. सुरुवातीची वेळ एकदा मोनोटोनिक घड्याळावर घ्या, प्रत्येक नोटची वेळ त्यापासून मोजून काढा आणि "अमुक वेळेपर्यंत झोप" असं सांगा. मग एखादी नोट उशिरा उठली तरी पुढची जागेवर येते. आणि शक्य असेल तर घड्याळ म्हणून साऊंड कार्डचे सॅम्पलच मोजा, ते सगळ्यात बरं.

प्रश्न : आमच्या कारखान्यात मशीनचा सायकल टाईम मोजणारा प्रोग्रॅम आहे. महिन्यातून एखाद-दोनदा एखादी सायकल उणे वेळात पूर्ण झालेली दिसते, उणे ०.४ सेकंद वगैरे. ऑपरेटर हसतात. (एक मेन्टेनन्स इंजिनिअर, चिंचवड)

उत्तर : हसू देत. प्रोग्रॅम सुरुवातीला आणि शेवटी "किती वाजले" विचारतोय आणि वजाबाकी करतोय, त्याने विचारायला हवं "किती वेळ गेला". कर्नलकडे या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळी घड्याळं आहेत. रिअलटाईम घड्याळ म्हणजे भिंतीवरची वेळ, ती कुणीही बदलू शकतं, तुम्ही हाताने किंवा एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) आपोआप. मोनोटोनिक घड्याळ मशीन चालू झाल्यापासून फक्त पुढे जातं, ते मागे नेता येतच नाही. त्यात सस्पेंडचा वेळ धरत नाहीत, तो हवा असेल तर बूटटाईम नावाचं तिसरं आहे. मोजमापासाठी मोनोटोनिक घ्या, नोंदीवर तारीख-वेळ छापायला रिअलटाईम.

मागे का जावं लागतं तेही बघू. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात वीस भागांची चूक सहज असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास मिनिट, आणि शॉपफ्लोअरच्या उष्णतेने त्यात भर. एनटीपी ही चूक शक्यतो उडी न मारता सुधारतो, कर्नलला सांगतो की घड्याळ जरा हळू चालव, मग कर्नल काउंटरच्या गुणाकाराचा आकडाच किंचित कमी करतो. पण याची मर्यादा दहा लाखात ५०० आहे, एका सेकंदाची चूक काढायला ३३ मिनिटं लागतात. चूक फार असेल तर एनटीपीचा प्रोग्रॅम सरळ उडी मारतो, आणि तुमचे उणे ०.४ सेकंद तिथले. क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्रॅम वापरत असाल तर उडी फक्त सुरुवातीला मारायची असं सेटिंग करता येतं. सर्व्हर कुठला लावायचा हे तुम्ही पत्रात पुढे विचारलंय, तर भारतीय प्रमाणवेळ सांभाळायचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायची आहेत. कारखान्यात एकच मशीन बाहेर जुळवा, बाकीची त्याच्याशी.

प्रश्न : लीप सेकंदाने सर्व्हर बंद पडले होते असं ऐकलं. एका सेकंदाने? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : हो, १ जुलै २०१२, रविवार, आपल्याकडे सकाळचे साडेपाच. यूटीसीत ३० जूनच्या शेवटी एक जास्तीचा सेकंद घातला होता, २३:५९:६०. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नियमित नाही म्हणून १९७२ पासून असे २७ सेकंद घातलेत, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. लिनक्स लीप सेकंदाला आपलं रिअलटाईम घड्याळ एक सेकंद मागे घेतो. २०१२ ला त्याने ते घेतलं, पण हाय रेझोल्यूशन टायमरच्या यंत्रणेला कळवायचं राहून गेलं. मग तिच्या हिशोबाने रिअलटाईम घड्याळ एक सेकंद पुढेच होतं. एखाद्या प्रोग्रॅमने सांगावं "अर्ध्या सेकंदाने उठव", तर टायमर म्हणणार तो क्षण तर गेला, आणि लगेच उठवणार. प्रोग्रॅम परत झोपायला जाणार, परत लगेच उठणार. जावा आणि मायएसक्यूएलचे कित्येक सर्व्हर असे १०० टक्के सीपीयू खात बसले, रेडिट अडकलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या चेक-इनची सिस्टिम बसली. त्यावरचा उतारा मजेशीर होता, घड्याळाला आत्ता जी वेळ आहे तीच वेळ परत सेट करायची! वेळ सेट केली की कर्नल टायमरना कळवतो, आणि सीपीयू लगेच शांत.

आता नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलंय की २०३५ पर्यंत लीप सेकंदाची ही पद्धत मोडीत काढायची. प्रोग्रॅमर मंडळींपैकी कुणी रडेल असं वाटत नाही.

प्रश्न : विंडोज ९५ बरोबर ४९.७ दिवसांनी बंद पडायचं ही अफवा की खरं? लिनक्सला असं होतं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : खरं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ ला भरतो आणि परत शून्यावर येतो, म्हणजेच ४९.७ दिवस. विंडोज ९५ इतके दिवस सलग चालू राहण्याचा योगच विरळा, त्यामुळे फार जणांनी ते पाहिलं नसेल. अशाच जातीचं प्रकरण बोइंग ७८७ चं, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याने आदेश काढला होता की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू ठेवू नका, जनरेटर कंट्रोल युनिट एकदम बंद पडू शकतात. सेकंदाचे शंभर भाग ३१ बिटांत मोजलेत तर २४८.५ दिवसच येतात, काय ते समजा.

लिनक्सच्या जिफीजलाही ३२ बिटांच्या मशीनवर हे लागू आहेच, फक्त त्यांनी एक खोड केलीय जी मला फार आवडते. जिफीज शून्यापासून सुरूच होत नाही, भरायला पाच मिनिटं कमी असताना सुरू होतो. म्हणजे प्रत्येक मशीनवर, प्रत्येक बूटनंतर पाचव्या मिनिटाला काउंटर पालटतो, आणि ज्या ड्रायव्हरवाल्याने तुलना चुकीची लिहिलीय त्याचं पितळ पन्नासाव्या दिवशी गिऱ्हाइकाकडे नाही, पाचव्या मिनिटाला त्याच्याच टेबलावर उघडं पडतं.

प्रश्न : आमच्या शाळेत रास्पबेरी पाय ४ वर हवामान नोंदवतो. लाईट जाऊन आली की काही नोंदींवर आधीच्याच तासाची वेळ पडते. (एक शिक्षक, ता. भुदरगड, कोल्हापूर)

उत्तर : सर, पाय ४ वर आरटीसीच नाही. त्याची ओएस साधारण तासातून एकदा आणि नीट बंद करताना वेळ एका फाईलमध्ये लिहून ठेवते आणि चालू होताना तिथून पुढे मोजायला लागते, नेट मिळालं की सुधारते. लाईट अचानक गेली तर शेवटची लिहिलेली वेळ अर्ध्या-पाऊण तासापूर्वीची असू शकते, शिवाय लाईट नव्हती तेवढा वेळ तिच्या हिशोबात कुठेच नाही. डीएस३२३१ नावाचं सेलवालं आरटीसी मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं, चार तारा जोडायच्या आणि कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ टाकायची. त्यात तापमानाप्रमाणे क्रिस्टलची चूक सुधारायची सोय आहे, त्यामुळे नेट नसलं तरी वर्षभरात मिनिट-दोन मिनिटांपलीकडे घसरत नाही. पाय ५ घेणार असाल तर आरटीसी बोर्डवरच आहे पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो, दुकानदार सांगत नाहीत. तोपर्यंत प्रोग्रॅममध्ये एवढं करा की नेटवरून वेळ जुळल्याशिवाय नोंद लिहायचीच नाही, किंवा लिहिलीत तर तिच्यापुढे एक खूण टाका, म्हणजे मुलांना आलेख काढताना त्या नोंदी वगळता येतील.